कोयनेलचं कुंपण: पुरात पास, देवपूजेत नापास

परवा पलीकडच्या गल्लीतल्या एक बाई आमच्या फाटकाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "ही मेंदी कुठल्या नर्सरीतून आणलीत हो?" मेंदी नाही, कोयनेल आहे, आणि नर्सरीतली तर मुळीच नाही, असं सांगितलं तर त्यांचा विश्वासच बसेना. गेल्या सहा महिन्यांत हा प्रश्न विचारणाऱ्या त्या चौथ्या. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते: झाडाबद्दल, आणि त्याआधी ज्या नर्सरीने मला शहाणं केलं तिच्याबद्दलही.

आमचं घर बडोद्यात समा भागात, विश्वामित्री नदीपासून फार लांब नाही. जे बडोद्याचे आहेत त्यांना एवढ्यावरून पुढची गोष्ट कळली असेल. घरासमोर बेचाळीस फूट लांब आणि जेमतेम तीन फूट उंच भिंत. रस्त्यावरची धूळ थेट ओसरीत यायची, आणि सासूबाई ओसरीत बसून तांदूळ निवडतात की झोपल्यात हे अख्ख्या सोसायटीला दिसायचं. भिंत वाढवली असती तर खर्च आणि वर वारा बंद. म्हणून हिरवं कुंपण करायचं ठरलं.

पहिला मोह कोनोकार्पस नावाच्या झाडाचा. समोरच्या मोटाभाईंनी तो २०१९ मध्ये लावला होता. दोन वर्षांत पहिल्या मजल्याच्या खिडकीपर्यंत अशी दाट हिरवी भिंत, की मी रोज सकाळी चहा पिताना तिच्याकडे बघून जळायचे. मग २०२३ च्या उन्हाळ्यात त्यांचं गटार तुंबलं. प्लंबरने चेंबरमधून मुळांचा जो झुबका ओढून काढला तो अंबाड्यात घालतात त्या गंगावनासारखा होता, तसाच लांब, तसाच काळा. माझा मोह तिथल्या तिथे उतरला. त्याच वर्षी सप्टेंबरात गुजरात सरकारने कोनोकार्पस लावायलाच बंदी केली. हिवाळ्यात त्याच्या फुलोऱ्याच्या परागांनी सर्दी, खोकला, दमा उफाळतो आणि मुळं केबल-नळ-गटारांत शिरतात, ही त्याची कारणं. मोटाभाई दर डिसेंबरात शिंकायचे ते थंडीने, असं आम्ही समजत होतो.

पिवळा दुरांटा घरात नको होता, कारण त्याची फळं विषारी आणि आमची नात तेव्हा हाताला येईल ते तोंडात घालण्याच्या वयाची. खरी मेंदी कोरड्या जागी छान, पण पाणी तुंबलेलं तिला खपत नाही, आणि आमच्याकडे काळी चिकण माती. सासूबाई म्हणाल्या, "कुंती लाव. फुलं तरी मिळतील." त्यांच्या माहेरी वाड्यात कुंती होती, गायकवाडी काळातली म्हणे. कुंती म्हणजेच नर्सरीवाल्यांची मधुकामिनी.

हायवेकडच्या एका मोठ्या नर्सरीतून जुलै २०२३ मध्ये साठ रोपं घेतली. पस्तीस रुपयांना एक, म्हणजे एकवीसशे, वर टेम्पोचे तीनशे. मालक म्हणाला, "एक वरसनी छे, बेन, पाछळ जोवुं नहीं पडे." म्हणजे वर्षाची रोपं आहेत, मागे बघायला लागणार नाही. आता मागे वळून बघते तर त्याचं पहिलं वाक्य खरं होतं. रोपं वर्षाची होतीच, पण ते सगळं वर्ष त्याच एवढ्याशा पिशवीत गेलेलं. पिशवी फाडली तर आत लाल मातीचा विटेसारखा गोळा आणि त्याभोवती मुळांचे वेढे, सुतळीच्या गुंडीसारखे. आपल्याकडच्या नर्सऱ्यांत बरीच रोपं आंध्रातल्या कडियमहून ट्रक भरून येतात, ती अशाच लाल मातीत. तो गोळा तसाच काळ्या मातीत पुरला तर दोन्ही मात्या एकजीव होत नाहीत, मूळ बाहेर पडत नाही, गोळ्यातच गरगरत राहतं. लावण्याआधी गोळा पाण्यात भिजवून बाहेरची मुळं बोटांनी मोकळी करायची असतात. हे त्याने सांगितलं नाही, मलाही ठाऊक नव्हतं. साठांतली सात दोन महिन्यांत गेली. फोन केला तर, "पाणी आपो, बधुं थई जशे," पाणी द्या, सगळं होईल. प्रत्यक्ष जाऊन उभी राहिले तेव्हा बदली म्हणून चार रोपं दिली, वीतभर उंचीची. रोपं फुकट, टेम्पोचे तीनशे पुन्हा.

कुंतीवर माझा राग नाही, हे आधीच सांगते. वर्षभरात दोन फूट झाली, हळू वाढली पण भरून वाढली. पावसाची एक जोरदार सर आली की चार-पाच दिवसांनी सगळी झाडं एकाच वेळी पांढरी, आणि रात्री खिडकी उघडली की घर वासाने भरून जायचं. फक्त ज्यांच्याकडे लिंबू आहे त्यांनी ती जवळ लावू नये. कुंती लिंबाच्याच कुळातली, आणि लिंबाच्या कोवळ्या पालवीवर पडणारी सिला नावाची बारीक कीड कुंतीवर आनंदाने नांदते. आमच्या लिंबाची पालवी त्या वर्षी चुरगळलेली होती.

मग २०२४ ची जन्माष्टमी आली, २६ ऑगस्ट. पाऊस आणि आजवा धरणाचं पाणी एकत्र आलं, विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली, आणि आम्ही वरच्या मजल्यावर गेलो ते तीन रात्री तिथेच. खाली भिंतीचा वरचा काठ तेवढा दिसत होता, कुंपण बुडालेलंच. गल्लीच्या टोकाला दुसऱ्या दिवशी "मगर, मगर" असा आरडाओरडा झाला. ह्यांनी खिडकीतून बघून जाहीर केलं की कुंपण कसलंही लावलं असतं तरी तिला काय फरक पडणार होता.

पाणी ओसरलं तेव्हा अंगणात चार बोटं गाळ. गणपती ७ सप्टेंबरला होते, त्यामुळे घर धुण्यातच आठवडा गेला. कुंतीकडे लक्ष गेलं तेव्हा माती ओली असून पानं लोंबत होती, म्हणून वेड्यासारखं मी आणखी पाणी घातलं. दहा दिवसांनी एक झाड सहज उपटलं तर मुळाची साल हातात मोज्यासारखी निघून आली, आत नुसता दोरा, आणि नाल्यासारखा वास. पाण्याखाली मुळांना हवा मिळत नाही, ती गुदमरतात, आणि मग ओल्या मातीत झाड तहानेने मरतं. सत्तावन्नातली एकोणपन्नास गेली. फाटकाजवळ जमीन थोडी उंच आहे, तिथली आठ वाचली.

सोसायटीच्या पंपाच्या खोलीमागे गाळाच्या पाट्या टाकायला गेले तेव्हा तिथलं जुनं कुंपण पाहिलं. पंधरा वर्षं येता-जाता बघत होते, पण पाहिलं तेव्हाच. सगळं राखाडी, पानापानावर गाळाचा पापुद्रा, आणि त्या राखाडीतून प्रत्येक पेरावर पोपटी कोंब फुटलेले. माळीकाका फावड्याने गाळ ओढत होते. म्हणाले, "बेन, आने तो मारो तोय नहीं मरे."

पान तोडून चुरगळलं, नाकाशी नेलं, आणि तो ओळखीचा उग्र हिरवा वास आला. ही तर आमची कोयनेल! माझं माहेर रेवदंड्याचं. खाडीच्या कडेला तिवरांच्या मागे हिचीच जाळी. पान गुंडाळून पिपाणी करायचो आणि मग अर्धा तास जीभ कडूजार. तिथे तिला कोणी लावत नाही, उधाणाचं खारं पाणी मुळांशी येतं आणि जातं, ती आपली हिरवीच. मी लग्न होऊन बडोद्याला आले आणि रेल्वे क्वार्टर, सरकारी कचेऱ्या, शाळा यांच्या कुंपणात तिला पाहून नाक मुरडत राहिले, कारण ती 'कचेरीची झुडपं'. कचेऱ्यांनी तिला का निवडलं असेल याचा विचार कधी केला नाही.

नर्सरीवाले तिला 'इनर्मी' म्हणतात. शास्त्रीय नाव पूर्वी क्लेरोडेंड्रम इनर्मी होतं, आता व्होल्कामेरिया इनर्मिस. इंग्रजीत तिला इंडियन प्रिव्हेटही म्हणतात, म्हणजे साहेबाच्या बंगल्याभोवतीच्या कापीव कुंपणाची देशी बहीण. मराठीत वनजाई असंही एक गोड नाव आहे, पण ते ऐकून जाईची अपेक्षा धरू नका. इनर्मिसचा अर्थ निःशस्त्र, बिनकाट्यांची. हा अर्थ लक्षात ठेवा, पुढे तक्रारीत येणार आहे.

लागवडीचा खर्च शून्य. काका दर कापणीनंतर फांद्या कचऱ्याच्या गाडीत घालायचे, त्याऐवजी एक पोतं मला दिलं. पेन्सिलीएवढ्या जाड काड्या निवडल्या, ना कोवळ्या हिरव्या, ना जुन्या लाकूड झालेल्या. प्रत्येक वीतभर, चार पेरांची. खालची पानं काढली, वरची दोन अर्धी कापून ठेवली. दोन पेरं मातीत, दोन वर. दोन ओळी, ओळींत नऊ इंच अंतर, आणि मागच्या ओळीतली काडी पुढच्या दोन काड्यांच्या मधल्या फटीसमोर. फाटकाजवळच्या कुंतीचे आठ फूट सोडून उरलेल्या चौतीस फुटांना नव्वद काड्या बसल्या. सप्टेंबरअखेरची जमीन ओली होती, वर पुराचा गाळ, त्यामुळे खत काहीच घातलं नाही.

इथे घरगुती अपघात. मागची ओळ मी लावली, पुढची ह्यांनी. चोवीस दिवसांनी माझ्या ओळीला कोंब आले आणि ह्यांच्या ओळीत अकरा काड्या ढिम्म. उपटून पाहिलं तर पेरावरचे डोळे जमिनीकडे बघतायत. उलट्या लावलेल्या! पाने काढल्यावर काडीचं वर-खाली कळत नाही हो, असं ह्यांचं म्हणणं, आणि ते खरंही आहे. काकांनी मग त्यांची युक्ती सांगितली: काडी कापतानाच खालचं टोक तिरकं कापायचं, वरचं सरळ. तिरकं मातीत टोचायलाही सोपं जातं. हे आधी सांगितलं असतं तर पंचेचाळीस मिनिटांचं भांडण वाचलं असतं. त्या अकरा आणि आणखी चार मेलेल्या, अशा पंधरा जागा नंतर भरून काढल्या.

पहिल्या वर्षी एकच गोष्ट महत्त्वाची, आणि ती करायला मन होत नाही. रोप फूटभर झालं की शेंडा खुडायचा. पुन्हा दीड फूट झालं की पुन्हा अर्ध्यावर आणायचं. मला उंची हवी होती, मी पुढच्या ओळीच्या डाव्या टोकाची दहा-बारा रोपं चोरून तशीच वाढू दिली. आज ती सगळ्यांत उंच आहेत आणि खालून फूटभर उघडी, कोंबडीच्या पायांसारखी. बाकीची जमिनीपासून भरलेली. थंडीत डिसेंबर-जानेवारी वाढ जवळजवळ थांबली, मार्चपासून उठली, आणि २०२५ च्या पावसाळ्यात तर काय विचारता. जूनमध्ये अडीच फूट होती, दिवाळीला साडेचार.

पाण्याचं म्हणाल तर आमच्या बोअरचं पाणी खारट, बादलीवर पांढरा थर येतो. कुंतीच्या पानांच्या कडा त्याने करपायच्या. हिला त्याचं काही नाही. पहिला उन्हाळा एक दिवसाआड घातलं, आता आठवड्यातून एकदा. रस्त्यावरच्या गाई भिंतीवरून मान घालून जे दिसेल ते ओरबाडतात. एका गाईने हिचा शेंडा तोंडात घेतला, थोडा वेळ विचार केला आणि टाकून दिला. कडवटपणाचा हा उपयोग मला आधी सुचला नव्हता.

माझ्या कुंपणाने अजून खरा पूर पाहिलेला नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. परीक्षा पंपाच्या खोलीमागच्या तिच्या आईने दिली आहे. गेल्या पावसाळ्यात अंगणात दीड दिवस घोट्याएवढं पाणी साचलं, तेव्हा हिचं एक पान पिवळं झालं नाही, एवढंच माझ्या पदरचं.

आता तक्रारी. कापणी! पावसाळ्यात दर तीन आठवड्यांनी कातर चालवावीच लागते, हिवाळ्यात दीड-दोन महिन्यांनी. मूळची ती पसरणारी, अंग टाकणारी झुडूप आहे. सोडली तर दीड माणूस उंच होऊन रस्त्यावर लवंडेल, आणि फांदी जमिनीला टेकली की तिथे मुळं धरते. गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही पंधरा दिवस पुण्याला होतो, परत आलो तर फाटकाची कडी फांद्यांत शोधावी लागली. काका एका कापणीचे चारशे घेतात, वर्षाला आठ-नऊ कापण्या धरा. रोपं फुकट मिळाली म्हणून नाचू नये.

तो खर्च वाचवायला मी बॅटरीवर चालणारं कापणीचं यंत्र ऑनलाइन मागवलं. कोवळ्या शेंड्यांना ठीक चाललं, पण पेन्सिलीएवढी फांदी आली की दात अडकायचे आणि पानं कापण्याऐवजी फाडायचं. दोन दिवसांनी सगळ्या कुंपणाला तपकिरी किनार, जणू कुणी उदबत्तीने चटके दिलेत. परत पाठवलं. काकांची लांब दांड्याची कातर आणि जाड फांदीला सिकेटर, याला तोड नाही. त्यांना फक्त एक गोष्ट दर वेळी सांगावी लागते: खाली रुंद, वर अरुंद. त्यांना सरळ भिंत आवडते. सरळ कापलं की वरच्या पानांची सावली खालच्यांवर पडते आणि बुंधा उघडा पडत जातो. दोन्ही बाजूंना थोडा उतार दिला तर खालपर्यंत ऊन पोचतं. मोटाभाईंची गाडी जिथे लागते तिथे तसाही आठ तास सावली असते, त्या चार फुटांत काही केल्या ती भरत नाही.

एप्रिल-मेमध्ये पिठ्या ढेकूण येतो. फांदीच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके आणि मुंग्यांची रांग दिसली की समजायचं. पाइपला बोट लावून जोराची धार मारायची, मग पाण्यात कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणपाणी मिसळून संध्याकाळी फवारा. दोनदा केलं, गेला.

निःशस्त्र असण्याची तक्रार अशी की सुरक्षेचे गुण शून्य. बाहेरून दाट दिसते, पण सोसायटीतला काळू भिंतीवर उडी मारून हिच्यातून आरपार येतो आणि पायपुसण्यावर झोपतो. शेवटी आतल्या बाजूने तीन फुटी तारेची जाळी ठोकली, कोयनेल तिच्यातून वाढली, आता जाळी दिसतही नाही. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

आणि फुलं. कापत राहिलं तर फुलंच येत नाहीत. म्हणून तुळशीकडचा कोपरा मी मोकळा सोडला. तिथे तीन-तीनच्या झुपक्यांत पांढरी फुलं येतात, लांब जांभळट केसर बाहेर काढलेली, मांजराच्या मिश्यांसारखी. तिन्हीसांजेला मोठे पतंग त्यांच्यावर घिरट्या घालतात. मला आवडतात. सासूबाईंनी एक फूल हातात घेऊन वास घेतला, पुन्हा घेतला, आणि परत माझ्याच हातात दिलं. "ह्याला पूजेत काय म्हणून ठेवू?" त्यांच्यापुरता निकाल लागला.

तारे द्यायचेच झाले तर: कोयनेलला पाचपैकी चार, एक तारा कापणीने खाल्ला. त्या नर्सरीला दीड, तोही रोपं वेळेवर पोचवली म्हणून. यंत्राला एक, पैसे परत आले म्हणून. काकांना पाच, उतार विसरतात तरी. जागा उंच असेल, पाणी तुंबत नसेल आणि धीर असेल तर कुंतीच लावा, फक्त पिशवी फाडून मुळं बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. नदीकाठच्या सखल भागात, खाऱ्या बोअरवर, गाईंच्या रस्त्यावर राहात असाल तर नाक मुरडू नका, मी पंधरा वर्षं मुरडलं.

फाटकाजवळच्या आठ कुंती तशाच आहेत. काका कातर घेऊन तिकडे वळले की ओसरीतून सासूबाईंचा आवाज येतो, "त्याला हात लावायचा नाही." त्यामुळे आमचं कुंपण चौतीस फूट कापीव आणि पुढे आठ फूट अस्ताव्यस्त आहे.

परवाच्या त्या बाईंना पावसाळ्यापर्यंत थांबा म्हटलं होतं. ऐकलं नाही, काल कापणी चालू असताना पिशवी घेऊन आल्या आणि वीस काड्या घेऊन गेल्या. काकांनी समोर उभं राहून प्रत्येकीचं खालचं टोक तिरकं कापून दिलं. आज सकाळी साडेसातला त्यांचा फोन: "ताई, ते तिरकं टोक वर की खाली?" मागून त्यांच्या यजमानांचा आवाज येत होता, "मी लावून टाकल्या सगळ्या."